दुबईच्या वॉर्डातलं न लिहिलेलं प्रहसन

लाल जोस यांचा ‘डायमंड नेकलेस’ हा मल्याळी चित्रपट २०१२ साली आला. फहाद फासिलने रंगवलेला त्यातला डॉक्टर अरुण दुबईत कर्करोगतज्ज्ञ आहे, पटकथाकार इक्बाल कुट्टिपुरम पेशाने डॉक्टर आहेत आणि चित्रण दुबईत झालेलं आहे. तरुण डॉक्टरांच्या विनोदी गोष्टीला याहून चांगली जुळणी मिळणं कठीण. पण अरुणच्या आयुष्यातला विनोद येतो तो क्रेडिट कार्डांच्या थकबाकीतून, उसन्या आलिशान फ्लॅटमधून आणि एकमेकांत गुंतलेल्या प्रेमप्रकरणांतून. हॉस्पिटल त्याला पगार देतं, गोष्टीला माणसं देतं. हसू देत नाही. चित्रपट मला आवडतो, म्हणूनच ही उणीव जास्त जाणवते.

संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात. तिथला कुठलाही मोठा दवाखाना भारतीय डॉक्टर आणि नर्सांशिवाय चालत नाही. एमबीसीसारखी अरबी वाहिन्यांची मोठी कंपनी २००२ साली लंडनहून दुबईत आली आणि पुढची वीस वर्षं तिचा कारभार तिथून चालला. ‘फरीज’ या २००६ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेने दुबईच्या जुन्या मोहल्ल्यातल्या चार आजीबाईंना घरोघरी पोचवलं. २०१८ च्या ‘शबाब शियाब’ने वृद्धाश्रमातल्या चार म्हाताऱ्यांवर अख्खा विनोदी चित्रपट उभा केला. २०१७ साली ‘क़ल्ब अल अदाला’ ही वकिलांची मालिका अबू धाबीत झाली, म्हणजे कोर्टाचा उंबरठाही कॅमेऱ्याने ओलांडला. पैसा आहे, स्टुडिओ आहेत, हसणारा प्रेक्षक आहे. तरी तरुण डॉक्टरांच्या खोड्या आणि कुरघोड्या, जगभर लोकप्रिय झालेला हा विनोदप्रकार, तिथे रुजलेला नाही. मराठीतही नाही. दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

या प्रकाराचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. भूलतज्ज्ञ गॉर्डन ऑस्टलेर यांनी रिचर्ड गॉर्डन या नावाने लिहिलेली ‘डॉक्टर इन द हाउस’ ही कादंबरी १९५२ ची, चित्रपट १९५४ चा. परीक्षेत गटांगळ्या खाणारे विद्यार्थी, गुरकावणारा सर्जन, हॉस्टेलवरचा दंगा हे सगळे साचे तिथे आहेत. पण या कलेला खरी खोली ‘मॅश’ने दिली. कोरियन युद्धातल्या फिरत्या शस्त्रक्रिया केंद्रावरची ही अमेरिकन मालिका १९७२ पासून अकरा वर्षं चालली. वाहिनीने तिच्यावर ध्वनिमुद्रित हशा लादला होता, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो वाजणार नाही, यावर निर्माते अडून राहिले. मला हा निर्णय या कलाप्रकाराच्या व्याकरणाचा पहिला नियम वाटतो: टेबलावर माणूस असताना हशा बाहेर थांबतो.

दुसरी गोष्ट ‘मॅश’ला पाच वर्षांनी कळली. सुरुवातीला नायक हॉकाय या सर्जनचा प्रतिस्पर्धी फ्रँक बर्न्स हा वाईट सर्जन होता, भित्रा होता, ढोंगी होता. त्याची फजिती करणं सोपं होतं आणि हळूहळू तेच मिळमिळीत होत गेलं. १९७७ साली तो नट मालिका सोडून गेला आणि त्याच्या जागी चार्ल्स विंचेस्टर आला: गर्विष्ठ, पण उत्तम सर्जन. तिथून खोड्यांना धार आली, कारण आता हरण्याची शक्यता दोन्ही बाजूंना होती. मूर्खाची फिरकी घेण्यात कौशल्य दिसत नाही. आपल्याइतक्याच हुशार माणसाची घेण्यात दिसतं.

‘स्क्रब्ज’ २००१ साली सुरू झाली. बिल लॉरेन्स यांनी ती डॉक्टर मित्र जोनाथन डोरिस यांच्या उमेदवारीच्या काळातल्या अनुभवांवरून रचली आणि बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलात चित्रित केली. पहिल्याच भागात तिथला सफाई कामगार नवशिक्या जे. डी.वर दारात नाणं अडकवल्याचा आळ घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला सळो की पळो करून सोडतो. पगारपत्रकात तळाला असलेला माणूस डॉक्टरला जेरीस आणतो; खोडीची दिशा खालून वर आहे. त्याच मालिकेच्या चौथ्या भागात तीन तरुण डॉक्टरांना तीन रुग्ण मिळतात. दाखल झालेल्या तिघांमागे एक दगावतो असं आपल्याला आधी सांगितलं जातं, आपण मनात कोण जाईल त्याचा अंदाज बांधू लागतो, आणि शेवटी तिघेही जातात. इतकं हसवलेल्या प्रेक्षकाला असं उभं करण्याची हिंमत फार थोड्या विनोदी लेखनात असते. याउलट ब्रिटिश ‘ग्रीन विंग’ने (२००४ ते २००६) रुग्णांना जवळजवळ हद्दपारच केलं. भूलतज्ज्ञ गाय आणि सर्जन मॅक यांची स्पर्धा त्यात बेफाम रंगते, अभिनय अफाट आहे, पण ती मंडळी कुठल्याही कचेरीत असती तरी फारसा फरक पडला नसता. माझा कौल ‘स्क्रब्ज’ला.

या सगळ्या मालिकांत एक समान जमीन आहे जी सहसा नजरेत भरत नाही. खोडी काढणारा आणि जिची खोडी निघाली ती व्यक्ती, दोघांनाही उद्या सकाळी त्याच राउंडला उभं राहायचं असतं. हॉकाय तर सैन्यातून सुटायलाच धडपडतो. त्याला काढून टाकलं तर तो पेढे वाटेल. थट्टेला असा टिकाऊ सहवास लागतो: तेच हॉस्टेल, तीच मेस, तेच सीनियर, आणि चूक झाली तर बोलणी खाऊन पुन्हा कामाला लागण्याची सोय.

अमिरातीतल्या परदेशी डॉक्टरला हीच सोय नसते. त्याचा राहण्याचा परवाना बहुतेकदा नोकरीला बांधलेला असतो. नोकरीआधी ‘डेटाफ्लो’ या संस्थेकडून पदव्यांची पडताळणी, मग बहुधा ‘प्रोमेट्रिक’ ही परवान्याची परीक्षा, मग लायसन. तेही दुबईचं वेगळं, अबू धाबीचं वेगळं, उरलेल्या अमिरातींसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं वेगळं. त्यावर कायदा. २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. त्यात संमतीशिवाय कुणाचं छायाचित्र काढून खासगीपणाचा भंग केला, तर किमान सहा महिने कैद, दीड ते पाच लाख दिरहम दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रुग्णाच्या माहितीसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईच्या मेसमध्ये झोपलेल्या सहकाऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकणं ही रोजची मजा. तोच फोटो तिथे परतीच्या विमानाचं तिकीट ठरू शकतो. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हा कडकपणा मला योग्यच वाटतो. आजारी माणूस कुणाच्या करमणुकीचं सामान नाही. पण परिणाम असा की ‘स्क्रब्ज’च्या जातीची खोडी तिथे प्रत्यक्षात घडणं अवघड, आणि जे घडत नाही ते खोटं न वाटता लिहिणंही अवघड.

मग तिथे काय आहे? स्पर्धा आहे, भरपूर आहे. पदवी कोणत्या देशाची यावर तुम्हाला स्पेशालिस्ट म्हणायचं की कन्सल्टंट, आणि त्यासाठी किती वर्षांचा अनुभव दाखवायचा, हे ठरतं. एकाच ओपीडीत शेजारच्या दोन खोल्यांत सारखंच काम करणारे दोन डॉक्टर दारावरच्या पाटीमुळे वेगळे होतात. हेड नर्स मल्याळी, फिजिओथेरपिस्ट फिलिपिनो, विभागप्रमुख इजिप्तचे किंवा सीरियाचे, रुग्ण पठाण टॅक्सीवाला, आणि त्याच्या पोटदुखीचं भाषांतर करायला बोलावलेला वॉर्डबॉय बांगलादेशी. इथे खोडी काढण्याची चैन नाही, पण कुरघोडीचं नाट्य तासातासाला घडतं. सुट्टीच्या यादीत ईद कुणाला, ओणम कुणाला आणि गणपती कुणाला, यावर चाललेलं शिष्टाईचं युद्ध लिहायला घ्यावं इतकं समृद्ध आहे.

आता मराठीकडे. डॉक्टरांनी मराठी रंगभूमीला जेवढं दिलं तेवढं क्वचित दुसऱ्या पेशाने दिलं असेल. कान-नाक-घशाचे सर्जन श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल, मानसोपचारतज्ज्ञ मोहन आगाशे हे तिघे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधले. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चा दिग्दर्शक आणि नाना फडणवीस दोघेही डॉक्टर. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. ‘चला हवा येऊ द्या’ची अनेक वर्षं धुरा वाहिलेले निलेश साबळे आयुर्वेदाचे पदवीधर. यांच्यापैकी प्रत्येकाने वॉर्ड आतून पाहिलेला आहे. तरीही वॉर्डातल्या तरुण डॉक्टरचं हसू रंगमंचावर आलं नाही. अजित दळवींचं ‘डॉक्टर, तुम्हीसुद्धा!’ आलं, ते गंभीर. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ आलं, ते आत्मकथन. राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) हा मराठीतला सर्वांत सुंदर हॉस्पिटल-विनोद, पण त्यातली मजा कॉरिडॉरमध्ये जमलेल्या नातेवाइकांची आहे. डॉक्टर तिथे बातमी सांगायला येतात.

हिंदीने प्रयत्न केले. ‘दिल मिल गए’ (२००७ ते २०१०) ही मालिका इंटर्न मुलामुलींच्या खोड्यांवरच सुरू झाली होती आणि ती पिढी आजही तिच्या आठवणी काढते. पण तिथली प्रत्येक खोडी प्रेमाची पूर्वतयारी ठरली आणि हॉस्पिटल लवकरच लग्नमंडपासारखं सजू लागलं. नागपूरचे राजकुमार हिराणी यांच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ने (२००३) रॅगिंगचा प्रसंग उलटा करून दाखवला, रॅगिंग करणाऱ्यांनाच नाचायला लावलं. मात्र नायक गुंड होता. २०२० साली झी युवावर आलेल्या ‘डॉक्टर डॉन’मध्येही तीच युक्ती. हॉस्पिटलात हसू आणायला बाहेरचा दांडगट लागतो, आतल्या तरुण डॉक्टरकडे ते नाही, अशी समजूत यामागे आहे आणि ती मला चुकीची वाटते. अलीकडे उलट टोक दिसतं: इजिप्तची ‘बालतो’ (२०२३) आणि आपली ‘ग्राम चिकित्सालय’ (२०२५) या दोन्ही मालिका एकट्या तरुण डॉक्टरला खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडतात. दोन्ही चांगल्या आहेत. पण बरोबरीचा सहकारी नसल्यामुळे स्पर्धा गावातल्या वैदू किंवा झोलाछाप डॉक्टरशी होते, समवयस्काशी नाही.

मराठीने हात आखडता घेण्याला एक दुखरं कारणही आहे. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. वीस वर्षांनी, २०१९ साली, मुंबईत एका निवासी डॉक्टर तरुणीने सीनियरांच्या छळामुळे आयुष्य संपवल्याचा आरोप झाला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर ‘सीनियर ज्युनियरची गंमत करतात’ हे वाक्य निरागसपणे लिहिता येत नाही, येऊही नये. जात, भाषा, प्रवेशाची वाट यांवरून केलेल्या चेष्टेला खोडी म्हणणं हा अपराधाला दिलेला आडोसा आहे. पण म्हणून हा विषय सोडून देणं हा उपाय नव्हे. ‘स्क्रब्ज’मधली खालून वर जाणारी दिशा पकडली तर याच उतरंडीवर नेमका प्रहार करता येतो.

आणि इथेच मला अमिराती आणि मराठी यांची गाठ पडताना दिसते. मराठी फार्सचं बळ खोडीत कधी नव्हतंच. ते लपवाछपवीत आहे, आणि लपवाछपवी गरजेतून येते. ‘अशी ही बनवाबनवी’मधले (१९८८) चौघे डोक्यावर छप्पर हवं म्हणून खोटं बोलतात. नोकरी हवी, व्हिसा टिकायला हवा, घरी पाठवायचे पैसे थांबायला नकोत, या गरजा त्याच जातीच्या आहेत. समोरच्या हॉस्पिटलात मुलाखत देऊन आलेला आणि ते रूममेटपासून लपवणारा डॉक्टर, तोच रूममेट त्याच जागेसाठी त्याच दिवशी त्याच लिफ्टमध्ये, प्रोमेट्रिकमध्ये नापास झाल्याचं साताऱ्याला घरी न कळवलेली, ‘व्हिजिट’ व्हिसावर आलेली पहिल्या डॉक्टरची बायको, जी स्वतःही डॉक्टर आहे, आणि नेमकी त्याच आठवड्यात पाहणीला आलेली मॅनेजमेंट. मराठी नाटककाराला हे यंत्र चालवायला शिकवावं लागत नाही.

अडचण आहे ती आपल्या अपेक्षेची. आखातातल्या डॉक्टरबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुधा यशोगाथा म्हणून. डॉ. झुलेखा दाऊद यांचं उदाहरण घ्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या बाई १९६४ साली, संयुक्त अरब अमिराती जन्माला येण्याच्या सात वर्षं आधी, तिथे गेल्या. १९९२ साली त्यांनी शारजात हॉस्पिटल उभं केलं. २०१९ साली त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. हा प्रवास थोर आहे आणि त्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जावी. पण त्या साच्यात सगळ्यांना बसवलं की मधल्या फळीतला, चाळिशीला पोचूनही पाटीवरच्या पदनामासाठी झगडणारा डॉक्टर गोष्टीबाहेर राहतो, आणि विनोद त्याच्याकडे आहे.

मंगेश पाडगावकरांच्या अध्यक्षतेखाली विश्व मराठी साहित्य संमेलन २०१० साली दुबईत भरलं होतं. तिथली मराठी मंडळं गणेशोत्सव आणि दिवाळीला हौशी नाटकं, एकांकिका बसवतात. प्रयोगांत पुण्यामुंबईची जुनी नाटकंच जास्त असतात, हे स्वाभाविक आहे. घराची ओढ तिथे तिकीट काढून येते. पण त्याच मंडळांत भूलतज्ज्ञ आहेत, लॅबमधल्या बायका आहेत, रात्रपाळी संपवून तालमीला येणारे नर्सिंगचे लोक आहेत. ‘स्क्रब्ज’च्या लेखकांनी प्रत्यक्ष डॉक्टरांशी बोलून किस्से जमवले होते. इथे डॉक्टर तालमीच्या खोलीतच बसलेले आहेत. हॉस्पिटलांची आणि माणसांची नावं बदलून, रुग्णाला विनोदाच्या कक्षेबाहेर ठेवून, पाळी बदलतानाच्या वीस मिनिटांवर चाळीस मिनिटांची एकांकिका लिहायला कुणाच्या परवानगीची गरज पडू नये. पहिला प्रवेश सुट्टीच्या यादीचा घ्यावा. गणपतीच्या दिवशीची ड्युटी कुणाच्या नावावर आहे, यावरून दोन मराठी डॉक्टर, एक मल्याळी सिस्टर आणि एक इजिप्शियन विभागप्रमुख यांची जी जुंपेल, तिला सुरुवातीला एकाही खोडीची गरज लागणार नाही.