युनिक्स-सदृश शेल पर्यावरण आणि मराठी संहिता : एक चिकित्सा

बीजशब्द : शेल, सिग्विन, डब्ल्यूएसएल, यूटीएफ-८, पाठचिकित्सा, ज्ञानेश्वरी

प्रस्तावना

महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत ‘शेल’ हा विषय बहुधा मर्यादित अर्थाने शिकविला जातो. विंडोज असलेल्या यंत्रावर सिग्विन किंवा तत्सम प्रणाली बसवावी, काळी खिडकी उघडावी, एलएस, सीडी, कॅट या आज्ञा चालवून पाहाव्यात आणि उत्तरे नोंदवहीत उतरवावीत, एवढ्यावर प्रात्यक्षिक संपते. पर्यावरण बसले की काम झाले, ही समजूत या पद्धतीच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करण्याचे योजिले असून त्यासाठी मराठी संहितेचा, त्यातही अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा आधार घेतला आहे. संगणकशास्त्र आणि मराठी हे दोन विभाग एकाच महाविद्यालयात बहुधा एकमेकांना पाठ करून बसलेले असतात. ज्ञानेश्वरीची संहिता संगणकात घेऊन शब्द मोजायचे ठरविले की दोघांनाही एकाच टेबलाशी यावे लागते.

पर्यावरणाची मांडणी

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. डग मॅकलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये त्यात ‘पाइप’ आला. एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती सोपविण्याची ही सोय म्हणजे शेलचा प्राण होय. आज सर्वत्र आढळणारे बॅश हे शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले.

विंडोजच्या यंत्रावर हे सारे आणण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. सिग्विन १९९५ पासून आहे. त्यात युनिक्सच्या आज्ञा विंडोजसाठी नव्याने संकलित केलेल्या असतात आणि मधली एक डीएलएल फाइल दुभाषाचे काम करते. विंडोजला युनिक्सची ‘फोर्क’ ही क्रिया मुळात नसल्याने सिग्विनला ती नक्कल करून घडवावी लागते. त्यामुळे प्रत्येक ओळीसाठी नवी आज्ञा बोलावणारी आवर्तने येथे रखडतात, तर एकच सलग पाइप तुलनेने झपाट्याने चालतो. विद्यार्थी याचा दोष यंत्राला देतात, तो पुष्कळदा लेखनपद्धतीचा असतो. दुसरा मार्ग डब्ल्यूएसएलचा. मायक्रोसॉफ्टने तो २०१६ मध्ये आणला. त्याच्या २०२० मध्ये सर्वांना उपलब्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल चालतो. मात्र त्यासाठी यंत्राच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असावे लागते आणि मेमरीही पुरेशी हवी.

तालुक्याच्या महाविद्यालयाचा विचार करता सिग्विनची एक सोय फारशी सांगितली जात नाही. त्याच्या सेटअपमध्ये संच केवळ उतरवून ठेवण्याचा आणि नंतर स्थानिक फोल्डरमधून बसविण्याचा पर्याय आहे. इंटरनेट रडतखडत चालणाऱ्या ठिकाणी एका यंत्रावर संच उतरवून तो पेनड्राइव्हने उरलेल्या यंत्रांवर नेता येतो. जुन्या ३२-बिट विंडोजसाठी मात्र नवे सिग्विन चालत नाही. २०२२ मधील ३.४ या आवृत्तीपासून तो आधार काढून घेण्यात आला आहे.

एका प्रसिद्ध पाइपची मराठी कसोटी

१९८६ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातील जॉन बेंटली यांच्या सदरात एक संस्मरणीय समीक्षा प्रसिद्ध झाली. संहितेतील सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्याचा प्रोग्रॅम डोनाल्ड क्नुथ यांनी लिहिला होता आणि त्याचे परीक्षण मॅकलरॉय यांनी केले. क्नुथ यांच्या कारागिरीचे कौतुक करून त्यांनी तेच काम सहा आज्ञांच्या एका पाइपमध्ये करून दाखविले. शब्द वेगळे करा, लिपी लहान करा, क्रम लावा, मोजा, उतरत्या क्रमाने लावा आणि हवे तेवढे दाखवा, असा तो क्रम आहे. शेलची थोरवी सांगण्यासाठी हे उदाहरण आजही दिले जाते, आणि ते रास्तच आहे.

परंतु या पाइपची पहिली पायरी ‘टीआर’ ही आज्ञा आहे. इंग्रजी ए ते झेड ही अक्षरे वगळता जे काही दिसेल त्याच्या जागी नवी ओळ घालावी, असे तिला सांगितलेले आहे. ज्ञानेश्वरीची संहिता या पाइपमधून सोडली तर सर्व ओव्या ‘अक्षर नव्हे’ या सदरात जमा होतात आणि अखेरीस एका रिकाम्या ओळीची मोजणी हाती येते. चूक दर्शविणारा कोणताही संदेश येत नाही. यंत्राने आज्ञा अचूक पाळलेली असते.

यावर सुचणारा पहिला उपाय अधिक धोक्याचा आहे. इंग्रजी अक्षरांची अट काढून केवळ दंड वगळावा, म्हणजे टीआरला ‘।’ हे चिन्ह पुसण्यास सांगावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. जीएनयू प्रणालीतील टीआर एकबाइटी चिन्हांपुरतीच पूर्णपणे भरवशाची आहे. यूटीएफ-८ मध्ये दंड हा ई०, ए५, ए४ अशा तीन बाइटांनी लिहिला जातो. टीआर हे तीन बाइट सुटेसुटे समजते आणि संहितेत जिथे जिथे आढळतील तिथून पुसते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ई० ने सुरू होते आणि त्याचा दुसरा बाइट ए४ किंवा ए५ असतो. म्हणजे प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट जातात. ‘त’ हे अक्षर ई०, ए४, ए४ आणि ‘थ’ हे ई०, ए४, ए५ असल्याने ही दोन तर नि:शेष नाहीशी होतात. दंड काढायला जावे आणि ग्रंथच हातचा जावा, असा हा प्रकार आहे. हेच काम यूटीएफ-८ लोकॅल असलेल्या पर्यावरणात ‘सेड’ या आज्ञेकडे दिले तर बिनचूक होते.

‘लोकॅल’ हा शब्द प्रात्यक्षिकाच्या वह्यांत अभावानेच भेटतो. सिग्विनमध्ये यूटीएफ-८ हे गृहीत मूल्य डिसेंबर २००९ मधील १.७ आवृत्तीपासून आले. त्याआधीच्या सूचना आजही जशाच्या तशा उतरविल्या जात असतील तर पर्यावरण बसते, पण मराठीसाठी बसत नाही. यासाठी एक साधी चाचणी पुरेशी आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला द्यावा. बाइट मोजण्यास सांगितले तर ३३ उत्तर यावे, चिन्हे मोजण्यास सांगितले तर ११. दोन्ही वेळा ३३ आले तर लोकॅल चुकले आहे. मराठीच्या अध्यापकाला यात ज्ञा, ने, श्व, री अशी चारच अक्षरे दिसतील आणि त्याचेच म्हणणे व्याकरणाला धरून आहे. ३३, ११ आणि ४ यांपैकी कोणती संख्या कशासाठी ग्राह्य धरावी, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या तासाला कधी विचारला जात नाही.

पाठचिकित्सेचा प्रश्न

मराठीत पाठशुद्धीची परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्या संशोधनातून वेगळी प्रत प्रसिद्ध केली. कोणत्या प्रतीवरून मोजणी केली हे न सांगता दिलेली शब्दसंख्या म्हणूनच निरर्थक ठरते. संगणकीय संहितेत या जुन्या पाठभेदांच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारे नवे पाठभेद येतात. अर्ध्या ‘ऱ’चे लेखन दोन प्रकारे साठविता येते. एकात ऱ आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर ‘तऱ्हा’ दोन्हीकडे सारखीच दिसते, पण ‘ग्रेप’ला हे दोन भिन्न शब्द वाटतात. आधुनिक मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतस्थान २००८ मध्ये मिळाले, त्याआधीच्या फायलींत तो अ आणि चंद्र अशा जोडीने असतो. महाविद्यालयांत कृतिदेवसारख्या फाँटांत टंकलेला जो मजकूर साठलेला आहे, त्याची तऱ्हा याहून बिकट. त्यात ‘क’च्या जागी प्रत्यक्षात इंग्रजी ‘डी’ साठविलेला असतो. अशा फाइलीवर शेल चालवण्याआधी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर अपरिहार्य आहे.

याउलट एका बाबतीत भीती अनाठायी असते. टर्मिनलची खिडकी समान रुंदीच्या चौकटींची असल्याने जोडाक्षरे तुटकी आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे दिसू शकते. हा केवळ दर्शनाचा दोष आहे. फलित फाइलीत साठवून चांगल्या संपादकात उघडले की मजकूर शाबूत आढळतो. दिसण्यातली चूक आणि आशयातली चूक यांतला हा फरक पहिल्याच तासाला सांगितला पाहिजे, कारण तो न समजल्याने मराठीचे विद्यार्थी शेलपासून कायमचे दुरावतात.

अध्ययन साहित्याची मर्यादा

नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे शेल प्रोग्रॅमिंगवरील पुस्तक आणि सुमिताभ दास यांचे युनिक्सवरील पुस्तक यांवर अनेक पिढ्या शिकल्या. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोहोंची घडण एकबाइटी अक्षरांच्या काळातील आहे, हा त्यांचा दोष मानता येणार नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि बॅश यांचे धडे मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले, हे मोठेच काम होय. तेथे आवाज मराठी असतो, पडदा मात्र इंग्रजीच राहतो. नोकरीच्या दृष्टीने हे धोरण समर्थनीय आहे. परंतु त्यातून मराठी ही समजावून सांगण्याची भाषा ठरते. जिच्यावर काम करायचे ती भाषा ठरत नाही. लोकॅल, बाइट आणि चिन्ह यांतील भेद इंग्रजी उदाहरणांत दिसूच शकत नाही, कारण तेथे तिन्ही संख्या एकच येतात. मराठी ओवी ही केवळ अस्मितेसाठी घ्यावयाची नसून ती अधिक कठोर चाचणी आहे, म्हणून घ्यावयाची आहे.

क्रमवारीचा प्रश्न यात अजून शिल्लक राहतो. संकेतांकानुसार लावलेल्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगोलग येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. मोजणीपुरता कोणताही एक स्थिर क्रम चालतो. ज्ञानेश्वरीची शब्दसूची छापावयाची असेल, तर मात्र सॉर्टच्या फलितावर मराठीच्या अध्यापकाने हात फिरविल्याशिवाय ती मुद्रणालयात जाऊ नये.