खाणकामगाराचा डबा

दारिद्र्य मागे पडले की ते गोड लागू लागते. अमेरिकेतील अ‍ॅपलेशिया ह्या डोंगराळ मुलखातल्या कोळसा-कामगारांच्या मुलांनी लिहिलेल्या आठवणी वाचताना मला हे वारंवार जाणवले. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया इकडच्या ह्या लेखनात बापाचा डबा हटकून येतो. गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, तळात पाणी, वरच्या खणात मक्याचा पाव, शिजवलेला राजमा, क्वचित खारवलेल्या डुकराचा तुकडा. खाणीचे छत कोसळून अडकलोच, तर तळातले पाणी पुरवायचे. बाप एखादा गोड तुकडा राखून आणी आणि मुले संध्याकाळी डब्यावर तुटून पडत.

हे खरे आहे, हृद्यही आहे. पण समीक्षेने एवढ्यावर समाधान मानायचे काय? डब्यातले पीठ आले कुठून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक खाणकंपन्या मजुरीपोटी स्वतःची नाणी देत आणि ती कंपनीच्याच दुकानात चालत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, उधारीची वहीही कंपनीची. पहाटे डबा भरणारी बाई ह्या लेखनात मायाळू हात म्हणून येते. तिच्या वाट्याला काय उरले, हे क्वचितच येते.

लाज मात्र काहींनी प्रामाणिकपणे लिहिली आहे. दुकानातला पांढरा पाव आणणाऱ्या मुलांसमोर घरचा पाव झाकणाआड धरून खायचा. इथे मी वाचता वाचता थांबलो. शाळेत मीही ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी झाकणाआडच खाल्ली. पण माझ्या शेजारचा मुलगा आपला डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेला होता. बापाची मजुरी वाढली असती, डब्यात गव्हाची पोळी आली असती, तरी तो परत आला नसता.

त्या डोंगरातही असे लोक होते. बुकर टी. वॉशिंग्टन पोरवयात वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत राबले. 1901 च्या आत्मचरित्रात त्यांनी तिथला अंधार आणि भीती नोंदवली आहे. तिथे काळ्या-गोऱ्यांच्या शाळा 1954 पर्यंत कायद्यानेच वेगळ्या होत्या. तरीही ‘डोंगरातला गरीब’ म्हटले की गोरा चेहराच पुढे येई. म्हणून कवी फ्रँक एक्स वॉकर यांना 1991 मध्ये ‘अ‍ॅफ्रिलेशिया’ हा शब्द घडवावा लागला.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (1978) आपल्याकडे भुकेचे गोडवे गाणे अवघड करून ठेवले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने नावातच जुन्या वचनाला हरकत घेतली. तरी माझे विद्यार्थी दरवर्षी ‘आईच्या हातची भाकरी’ ह्या विषयावर गोड निबंध लिहितात, आणि मी त्यांना चांगले गुण देत आलो. यंदा त्यांना सांगणार आहे : चव जरूर लिहा, पण डबा उघडल्यावर शेजारचा कोण उठून गेला, तेही लिहा.