मेलेल्याने काय बोलावे?

'व्हॅलोरंट' हा २०२० साली आलेला, संगणकावरचा गोळीबाराचा खेळ. ५ विरुद्ध ५. एका बाजूने बॉम्ब लावायचा. तो ४५ सेकंदांत फुटणार. दुसरीने त्याआधी निकामी करायचा, आणि त्यालाच ७ सेकंदं लागतात. भिडू एकमेकांशी हेडफोनवरून बोलतात. नाटक पाहावं तसा मी हा खेळ पाहतो. नेपथ्य झकास, पण संवाद? रामा शिवा गोविंदा!

चांगला संवाद कसा असावा? "दारामागे, दोघं, एक जखमी." जागा, आकडा, अवस्था; संपलं. आपला गडी ओरडतो, "अरे तिकडे! तिकडे बघ ना!" आता तिकडे म्हणजे कुठे, हे ठाऊक फक्त त्याला आणि शत्रूला!

गंमत म्हणजे इथे मेलेल्यालाही सोबत्यांशी बोलता येतं. मारणारा कुठे दबा धरून बसलाय, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत? पण तो बसतो नशिबाच्या, इंटरनेटच्या नि सोबत्यांच्या नावाने बोटं मोडत. मागे उरलेला एकटा बिचारा शत्रूची पावलं ऐकू पाहतोय, तर कानात याचं रडगाणं!

जाणाऱ्याने किल्ल्या कुठे ठेवल्यात तेवढं सांगावं आणि गप्प बसावं. कुणामुळे गेलो, ते सावकाश बोलू!