प्यादे मारण्याची वेळ : १९२७ च्या विश्वविजेतेपद लढतीचे पुनर्मूल्यांकन

अलेक्झांडर अलेखिन आणि होसे राऊल कापाब्लांका यांच्यात १९२७ मध्ये ब्युनोस आयरिस येथे झालेली बुद्धिबळाची विश्वविजेतेपद लढत ३४ डाव चालली. अलेखिन यांनी ६ व कापाब्लांका यांनी ३ डाव जिंकले; २५ डाव बरोबरीत सुटले. त्यांपैकी ३२ डावांचा प्रारंभ क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड या एकाच पद्धतीने झाला. त्यामुळे ही लढत एकसुरी होती, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रारंभपद्धतीत पांढऱ्याचे सी४ वरील व काळ्याचे डी५ वरील प्यादे परस्परांच्या माऱ्यात उभे असते. मारता दोघांनाही येते. तरीही दोघे थांबतात. याचे कारण प्याद्याच्या मोलात नसून पांढऱ्याच्या एफ१ वरील उंटात आहे. उंट मूळ घरी असताना काळ्याने सी४ वर मारले, तर तो एकाच चालीत ते प्यादे परत घेतो. तोच उंट आधी डी३ वर आला असेल, तर त्याला सी४ वर जाण्यासाठी दुसरी चाल खर्चावी लागते. म्हणून काळा उंटाच्या चालीची वाट पाहतो, तर पांढरा हत्ती सी१, वजीर सी२ किंवा प्यादे ए३ अशा उपयुक्त चालींनी ती लांबवतो. अशा चाली मर्यादित असतात. त्या प्रथम कोणाच्या संपतात, यावर हा संघर्ष ठरतो.

योग्य वेळी मारल्याने काळ्याला कापाब्लांका यांच्या नावाने परिचित असलेली मुक्ततेची योजना साधता येते. उंटाने सी४ वर प्यादे परत घेताच काळा घोडा डी५ वर येतो, उंटांची व घोड्यांची अदलाबदल होते आणि ई५ ही चाल शक्य होऊन सी८ वरील कोंडलेल्या उंटाची वाट मोकळी होते. अलेखिन यांनी यावर घोडा ई४ हे उत्तर योजले. त्यामुळे घोड्यांची अदलाबदल टळते व काळ्याची अडचण कायम राहते. अखेरच्या ३४ व्या डावात पांढऱ्याने सहाव्या चालीला ए३ खेळून वाट पाहिली. आठव्या चालीला उंट डी३ वर येताच काळ्याने सी४ वर मारले आणि अकराव्या चालीला घोडा ई४ वर आला. हा डाव अलेखिन यांनी ८२ चालींत जिंकला.

पांढऱ्याने स्वतः डी५ वर मारण्याचा पर्यायही वेळेशीच बांधलेला आहे. त्यातून वजिराच्या बाजूस बी४-बी५ असा अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला करता येतो. मात्र ई६ वरील प्यादे हटल्याने काळ्याच्या उंटाचा कर्ण खुला होतो. एफ५ घरावर पुरेसा ताबा नसताना ही घाई केल्यास तो उंट तेथे सुखाने स्थिरावतो.

२०१० मध्ये सोफिया येथील विश्वविजेतेपद लढतीत, गुण समान असताना झालेल्या बाराव्या डावात विश्वनाथन आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी याच प्रारंभपद्धतीतील लास्कर बचाव खेळला. व्हेसेलिन टोपालोव यांचा उंट दहाव्या चालीला ई२ वर आला. आनंद यांनी घोड्यांची अदलाबदल करून लगेच सी४ वर मारले. तो डाव जिंकून त्यांनी विजेतेपद राखले. १९२७ मधील प्रश्न ८३ वर्षांनंतरही जिवंत होता, हे यावरून दिसते.

बरोबरीच्या डावांची मोठी संख्या पाहता प्रेक्षकांचा कंटाळा समजण्यासारखा आहे. तथापि प्रारंभपद्धतीचे नाव एकच होते, म्हणून त्यातील निर्णयही एकच होते असे मानता येत नाही. प्याद्यांमधील ताण राखावा, हा पाठ्यपुस्तकी नियम अपुरा आहे. आता मारल्याने कोणत्या मोहऱ्याची चाल वाया जाईल, हा त्यामागील प्रश्न आहे. तो न शिकवता केवळ चालींचा क्रम पाठ करून घेतला, तर विद्यार्थ्याला मारण्याची रीत कळेल, पण मारण्याची वेळ कळणार नाही.