निकालपत्रातील आई

नाशिकच्या तुरुंगाने मराठी वाङ्मयास एक आई दिली आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती येथील तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही त्या घरातही हे पुस्तक बहुधा सापडते. मात्र ते वाचताना त्याचा कर्ता त्या वेळी कैदी होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. बंदिवासाने माणसाची हालचाल थांबते, नाते थांबत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोठे शोधावयाचा? त्या पुस्तकाच्या वेळी भिंतीच्या आत होता तो मुलगा, आणि आई केव्हाच परलोकवासी झाली होती. आज आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्यात ही मांडणी उलट आहे. येथे आई किंवा बाप आत आहे आणि मूल बाहेर. त्या मुलाने कोठे राहावे व कोणाजवळ वाढावे, हे ठरविण्यास काही जबाबदार माणसे एका मेजाभोवती बसली आहेत. त्या मेजापाशी त्या आईस किंवा बापास दोन शब्द बोलण्यापुरती तरी जागा आहे काय?

या प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही परीक्षणास घेतले आहे ते एक निकालपत्र. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणी १९९४ साली दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी ते दिले. न्यायालयाचा निकाल हा काही मासिकात परीक्षण करण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. तथापि ज्या शब्दांच्या बळावर एखादे मूल एका घरातून दुसऱ्या घरात नेले जाते, ते शब्द कादंबरीच्या शब्दांहून कमी काळजीने वाचावेत असे आम्हांस वाटत नाही. शिवाय कायद्याची भाषा ही वकिलांची खाजगी मालमत्ता नाही. ती ज्यांच्यावर चालते त्यांनी ती वाचावी, हेच योग्य.

प्रथम गुण सांगणे हा टीकाकाराचा धर्म आहे, आणि या निकालपत्राचे गुण थोडे नाहीत. आईबरोबर तुरुंगात राहणारे मूल कैदी नव्हे, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अन्न, वस्त्र, औषधोपचार, शिक्षण व खेळ या गोष्टी त्या मुलास कोणाच्या मेहेरबानीने मिळावयाच्या नाहीत, त्या त्याच्या हक्काच्या आहेत. शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेर व्हावे. तुरुंगात जन्म झालाच तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव न घालता केवळ त्या वस्तीचा पत्ता घालावा. ही एक सूचना वाचूनही न्यायमूर्तींच्या अंतःकरणाची ओळख पटते. जन्मभर खिशात बाळगावयाच्या कागदावर आईच्या अपराधाचा डाग नको, हे ज्यांना सुचले, त्यांनी कायद्याबरोबर माणसाचाही विचार केला होता. मुलास सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे. पुढे त्याला संस्थेत ठेवावे लागलेच तर शक्यतो ती संस्था तुरुंगाच्या गावीच असावी. आणि आठवड्यातून निदान एकदा त्याची व आईची भेट घडवावी, असेही त्यात आहे. हे आदेश सर्वत्र अक्षरशः पाळले गेले तरी पुष्कळ होईल.

आता दोष. मूल सहा वर्षांचे झाले की त्याला आईपासून वेगळे करावयाचे. मग त्याला आईच्या इच्छेनुसार एखाद्या योग्य माणसाच्या स्वाधीन करावे, अथवा समाजकल्याण खात्याच्या योग्य संस्थेत पाठवावे, असा या आदेशाचा आशय आहे. वाक्य सरळ दिसते. परंतु सारी अडचण त्या ‘अथवा’ या एका शब्दात आहे. दोहोंपैकी काय करावयाचे हे कोणी ठरवावे? आईने सुचविलेला माणूस योग्य नाही असे कोणास वाटले, तर त्याचे कारण तिला कळणार कोठे, आणि त्याचे उत्तर ती देणार कोणापुढे? मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या वाचकाने या आदेशांतील वाक्ये सोडवून पाहावीत. मूल सोपविले जाते, मूल पाठविले जाते, मूल भेटीस आणले जाते; आईला मुलास जवळ ठेवू दिले जाते. आईची इच्छा या साऱ्यात एकदाच डोकावते, तीही दुसऱ्याने विचारली तर. आईची काळजी पुष्कळ वाहिली आहे. तिचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था मात्र लावलेली नाही. आणि बापाविषयी तर निकालपत्र जवळजवळ मुके आहे, कारण त्यापुढे प्रश्नच तुरुंगातील स्त्रिया व त्यांची मुले यांचा होता.

या मौनाचे क्षेत्र केवढे आहे, हे आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी मुलांसह राहणाऱ्या स्त्रिया १,५३७ व त्यांची मुले १,७६४. निकालपत्राने ज्यांचा तपशिलाने विचार केला ती ही मुले. परंतु बाकीच्या लाखो कैद्यांपैकी कित्येकांची मुले बाहेर, आजीजवळ, मावशीजवळ, शेजाऱ्याजवळ किंवा कोणाजवळच नाहीत, अशी असणार. त्यातही त्या कैद्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा अपराध अजून सिद्ध व्हावयाचा आहे असे.

बाहेरच्या या मुलांचा निर्णय आज बालकल्याण समितीपुढे होतो. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यान्वये समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात, आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. या कायद्याचे तिसरे कलम आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. कायद्याच्या पुस्तकात इतकी उदात्त वाक्ये एका ठिकाणी क्वचितच आढळतात. मुलाचे संगोपन ही प्रथम त्याच्या जन्मदात्या कुटुंबाची जबाबदारी. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. मुलाचे म्हणणे ऐकले जावे. आणि न्यायदानाचे काम करणाऱ्या सर्वांनी निष्पक्ष सुनावणीचा नियम पाळावा, ही तत्त्वे त्यात घालून दिली आहेत. सुनावणीचे तत्त्व आहे, यात शंका नाही. परंतु कैदेत असलेल्या आईबापास ही सुनावणी चालू आहे हे कोणी कळवावे, त्यांना कसे आणावे, आणता न आले तर त्यांचे म्हणणे कसे घ्यावे, याविषयी अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. उलट, ज्याचे आईबाप त्याचा सांभाळ करण्यास अपात्र किंवा असमर्थ ठरतील असे मूल समितीच्या छत्राखाली येते. तुरुंगात असणे म्हणजेच असमर्थ असणे, असे कोणी गृहीत धरले तर त्यास रोकणारा शब्दही आम्हांस तेथे दिसला नाही. तत्त्वाचा दिवाणखाना उत्तम सजविला आहे, पण आत येण्याचे दार कोणत्या बाजूस, ते लिहावयाचे राहून गेले.

हे प्रत्यक्षात कसे घडू शकेल, ते एक उदाहरण कल्पून पाहू. निफाड तालुक्यात द्राक्षबागेत मजुरी करणारा एक मनुष्य कच्चा कैदी म्हणून नाशिकरोड कारागृहात आहे. बायको पूर्वीच वारलेली. सात वर्षांची मुलगी आत्याकडे होती. आत्याने अंथरूण धरले, आणि कोणा भल्या माणसाने मुलीस समितीपुढे आणले. समितीच्या सांगण्यावरून पंधरा दिवसांत सामाजिक चौकशीचा अहवाल व्हावयाचा, आणि चार महिन्यांच्या आत अखेरचा हुकूम. चौकशी करणारा भला आहे, समितीही भली आहे. परंतु मुलीचा सख्खा मामा सिन्नरकडे असतो व तो तिला आनंदाने नेईल, हे सांगणार कोण? मुलीस लहानपणी आकडी येत असे, हे कोणास ठाऊक? ते ज्यास ठाऊक आहे तो मनुष्य त्याच नाशिकात, काही मैलांवर, बराकीत बसला आहे. आणि मुलगी अजून बहिणीकडेच आहे असे समजून चालला आहे. अशा वेळी अन्याय होतो तो केवळ बापावर नव्हे. समिती अपुऱ्या माहितीवर निर्णय देते, आणि त्या अपुरेपणाची किंमत मुलगी भरते. शोध करणारांनी आणखी हयगय केली व आईबापांचा पत्ता लागत नाही असा शेरा पडला, तर पुढची पायरी दत्तकविधानास मुलगी मोकळी ठरविण्याची. ती चढली की मागे फिरणे फार कठीण.

गंमत अशी की, बंदिवानास बोलावणे ही गोष्ट आपल्या कायद्यास अपरिचित नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रतिवादी तुरुंगात असेल तर समन्स तुरुंगाधिकाऱ्यामार्फत त्यास द्यावे, असा स्वच्छ नियम आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने पालक नेमण्याच्या अर्जाची नोटीस आईबापांस देण्यास सांगितले आहे. साक्षीसाठी कैद्यास न्यायालयात हजर करण्याचा कायदा १९५५ पासून आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आरोपी म्हणून किंवा साक्षीदार म्हणून कैद्यास आणविण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयांस दिला आहे. म्हणजे सावकाराने शंभर रुपयांचा दावा लावला तर त्याची वर्दी बराकीपर्यंत बिनचूक पोहोचावी, अशी तजवीज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली. पोटच्या मुलाचा निर्णय होत असताना मात्र बाप आरोपी नाही, साक्षीदार नाही, प्रतिवादीही नाही. म्हणून तो कोणीच नाही. व्यवहाराची ही उतरंड सुशिक्षित समाजास शोभत नाही.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्हींत तथ्यांश आहे. पहिला असा की, काही आईबाप स्वतःच्या मुलाचेच वैरी असतात. ज्याने घरातच अत्याचार केला त्यास मुलासमोर उभे करावयाचे काय? मुळीच नाही. परंतु ऐकणे म्हणजे समोरासमोर आणणे नव्हे, आणि ऐकणे म्हणजे मान्य करणेही नव्हे. अशा मनुष्याचे म्हणणे मुलाच्या अपरोक्ष घ्यावे व मुलाच्या हितास बाधक असेल तर फेटाळावे. दुसरा आक्षेप पोलीसपहाऱ्याचा व खर्चाचा. तो एके काळी भारी होता. आता दूरदृश्य प्रणालीने कैद्यांची हजेरी रोज घेतली जाते, तेव्हा त्याचे बळ बरेच उतरले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मुलाचे बालपण थांबत नाही, म्हणून विलंब नको. आम्हांसही विलंब नको. पण ज्याचा ठावठिकाणा सरकारास सर्वांत पक्का ठाऊक असतो असा नागरिक म्हणजे कैदी. त्यास कळविण्यास एक दिवस लागतो. उशीर नोटिशीने होत नाही. तो नोटीस न दिल्यामुळे मागाहून उपटणाऱ्या तक्रारींनी होतो.

बाहेरच्या जगानेही हा प्रश्न सोडविताना चाचपडतच पाऊल टाकले आहे. अमेरिकेत लॅसिटर खटल्यातील आईस मुलावरील हक्काच्या सुनावणीसाठी तुरुंगातून आणले होते, पण तिच्या बाजूने वकील नव्हता. अशा प्रत्येक प्रकरणी वकील दिलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पुढे तेथील अनेक राज्यांनी आपल्या कायद्यांनी ती उणीव भरून काढली. तेथे आईला खुर्ची मिळाली, पण वाचा मिळाली नाही. आपल्याकडे स्थिती काहीशी उलट आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कैदेतील प्रत्येक मनुष्य मोफत वकिलास पात्र आहे. म्हणजे वाचा देण्याची सोय आहे, खुर्चीच नाही. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचे नववे कलम या दोन्ही गोष्टी एकत्र मागते. मुलास आईबापांपासून वेगळे करण्याच्या कामकाजात सर्व संबंधितांस भाग घेऊ द्यावा व आपले म्हणणे मांडू द्यावे, असे त्यात आहे.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. मुलाचे आई किंवा बाप कैदेत आहेत असे दिसताच समितीने तुरुंगाधिकाऱ्यामार्फत त्यांस लेखी कळवावे. प्रत्यक्ष अथवा दूरदृश्य प्रणालीने त्यांचे म्हणणे ऐकावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील द्यावा. हुकुमाची प्रत त्यांना कळेल अशा भाषेत त्यांच्या हाती द्यावी. आणि मूल कोठे आहे, हे तरी कधीही लपवू नये. यास नवा मोठा कायदा लागत नाही. तिसऱ्या कलमातील निष्पक्ष सुनावणीचे शब्द प्रामाणिकपणे वाचले व नियमांत उतरविले म्हणजे पुरे.

महाराष्ट्रातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा एक उपक्रम झाला आहे. त्या दिवशी मधली जाळी दूर होते, आणि बापास मुलास उराशी धरता येते. त्याची वर्णने वाचताना आमचाही कंठ दाटून आला. परंतु भेट ही दया आहे, आणि सुनावणी हा न्याय आहे. एकीने दुसरीची जागा भरत नाही. २००६ च्या निकालपत्रास आम्ही आदरानेच वंदन करू. त्याने तुरुंगातील मुलास अन्न, शाळा व निष्कलंक दाखला दिला. त्याची उणीव एवढीच की, त्यात आईवर माया केली आहे, तिला प्रश्न विचारलेला नाही. ‘श्यामची आई’ जेथे लिहिली गेली त्या गावातील बालकल्याण समितीने हा प्रश्न नेमाने विचारावयास आरंभ केला, तर नाशिककरांस त्याचा अभिमान वाटेल.