बोली, प्रमाणभाषा आणि ‘अस्सल’पणाची अपेक्षा

ग्रामीण आणि दलित साहित्याच्या मराठी समीक्षेत ‘अस्सल बोली’ हा शब्दप्रयोग बहुधा प्रशंसापर येतो. त्यामागे एक गृहीतक असते: माणूस ज्या जातीत आणि प्रदेशात जन्मला तिथली बोली हीच त्याची खरी भाषा; प्रमाणभाषा त्याने वरून पांघरलेली. भाषाभेद हा सामाजिक अस्मितेचा आरसा आहे, या समजुतीचाही त्याला आधार वाटतो. समाजभाषाविज्ञानातील पायाभूत अभ्यास मात्र निराळेच काही सांगतात.

विल्यम लबॉव्ह यांनी अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील दोन संयुक्त स्वरांच्या उच्चारांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांनी बेट व्यापत असताना तेथील जुना उच्चार पुन्हा बळावत होता. बेटावरच राहू इच्छिणाऱ्यांत तो ठळक होता. बेट सोडू पाहणाऱ्यांत क्षीण. जन्मस्थान एकच, उच्चार भिन्न. येथे भेद जन्माइतकाच, किंबहुना अधिक, भूमिकेचा होता.

सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली मांडलेले निरीक्षण आपल्याला अधिक जवळचे आहे. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्य बव्हंशी शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्दसंपदा मात्र वेगळी राहिली. घरची भाषा ही समूहाची खूण होती. परस्परव्यवहारासाठी मराठी वापरली जाई, कारण ती तटस्थ मानली जात होती. म्हणजे समाज भेद जपतो तोही निवडून.

या प्रकाशात साहित्यकृती निराळ्या दिसतात. ‘बनगरवाडी’त (१९५५) मास्तराचे निवेदन प्रमाणभाषेत आणि धनगरांचे संवाद माणदेशी बोलीत येतात. ही वाटणी वास्तवदर्शन तर करतेच. शिवाय सांगणारा आणि ज्यांच्याविषयी सांगितले जाते ते, यांतील अंतरही दाखवते. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे दोन भाषिक जगांतील त्याचे दोन पत्ते होत. त्यांतील एकच खरा ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.

याच्याही मागे जावे लागते. डॉ. आंबेडकरांनी १९२०च्या ‘मूकनायका’त प्रमाण मराठीत युक्तिवाद मांडला. त्याला अनुकरण म्हणणे म्हणजे प्रमाणभाषेची मालकी आधीच एका वर्गाला देऊन टाकणे होय. त्या लेखणीने प्रमाणभाषेवर हक्क सांगितला. तीही अस्मितेचीच कृती होती.

अर्थात निवड सर्वांना सारख्या किमतीत मिळत नाही. ज्याच्या उच्चाराला शाळेत हसतात त्याला प्रमाणभाषा शिकण्याची किंमत द्यावी लागते. ज्याच्या घरीच ती बोलली जाते त्याला ती जाणवतही नाही. पण म्हणूनच ‘अस्सल’पणाची मागणी अन्यायाची ठरते. आधी बोलीबद्दल हिणवायचे आणि नंतर बोली सोडल्याबद्दल खोटे ठरवायचे, असा तो दुहेरी पेच आहे. लेखकाने कोणती भाषा वापरली याची नोंद करून समीक्षेचे काम संपत नाही. ती कोणासमोर, कोणत्या जागेवरून आणि काय मागण्यासाठी वापरली, हे तिने विचारले पाहिजे.