गोडी छाटणीची कात्री

दसऱ्याच्या आगेमागे निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या टोळ्या उतरतात आणि मंडपाखालून दिवसभर कात्र्यांचा आवाज येत राहतो. कान तयार असेल तर बांधावर उभं राहूनही कात्रीची जात ओळखता येते. चांगली कात्री एकदाच, कोरडी ‘खट्’ वाजते. पातं ढिलं किंवा बोथट असलं की काडी आधी चेंगरते, मग तुटते, आणि आवाज फाटका येतो.

या कात्रीकडे बारकाईने पाहायला हवं, कारण आपल्या द्राक्षशेतीचा सगळा हिशेब तिच्या दोन पात्यांमधून जातो. थंड देशातल्या वेलीला हिवाळ्यात पूर्ण विश्रांती मिळते. नाशिकच्या वेलीला ती मिळत नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या एक-दोन डोळ्यांवर आणल्या जातात, नवी काडी येते आणि पहिल्या दोनेक महिन्यांतच तिच्या डोळ्यात घड ठरतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी. काडी तपासणीत घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहायचं आणि त्याच्या वर काप घ्यायचा. कसमादे पट्ट्यातले अर्ली छाटणीवाले हेच काम पावसाळ्यातच उरकतात. लागवड ९ बाय ५ फुटांवर असेल तर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ३५ काड्या धरल्या तरी एका एकरात जवळपास ३४ हजार काप होतात. एवढ्या वेळा मिटणारं आणि उघडणारं दुसरं हत्यार बागेत नाही.

ही कात्री जन्माला आली तीच मुळी द्राक्षवेलीसाठी. १८१५च्या सुमारास बेर्त्राँ द मोलव्हिल या फ्रेंच सरदाराने तिची कल्पना मांडली. त्याआधी तिकडे वेल छाटायला वाकड्या पात्याचा चाकू वापरत. चाकूने काप सुंदर येतो, पण त्याला दोन्ही हात लागतात आणि मनगटात अनेक वर्षांचा सराव लागतो. कात्रीने एक हात मोकळा केला. त्या हाताने काडी धरावी, डोळे मोजावेत आणि दुसऱ्याने काप घ्यावा, ही आजची लय तिथून सुरू झाली.

दुकानात दोन जातींच्या कात्र्या दिसतात. एकीत पातं सपाट पट्टीवर येऊन दाबतं. वाळलेल्या लाकडाला ती चालते, हिरव्या काडीला मात्र ती चेंगरते. आपल्या कामाची दुसरी. तिचं धारदार पातं आकड्यासारख्या खालच्या पात्याला घासून पुढे निघून जातं. तिच्यातही धरण्याची एक बाजू आहे. धारेचं पातं वेलीवर राहणाऱ्या भागाकडे हवं, आकडा तुटून पडणाऱ्या भागाकडे. दाब पडतो आकड्याच्या बाजूला, तेव्हा चेंगरलेला भाग जमिनीवर पडावा आणि नितळ काप वेलीवर राहावा. मुरलेला छाटणीवाला काडी बदलताना मनगट फिरवतो, ते यासाठीच.

या जातीतली माझ्या मते सर्वांत पूर्ण कात्री म्हणजे स्वित्झर्लंडची फेल्को २. फेलिक्स फ्लिश यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली आणि लाल मुठींचं हे मॉडेल कित्येक दशकं थोड्याफार फरकाने तसंच टिकून आहे. वजन साधारण २४० ग्रॅम. मुठी अ‍ॅल्युमिनियमच्या, घडवलेल्या. खालच्या पात्यावर एक बारीक खाच आहे, तिच्यातून काडीचा चीक वाहून जातो आणि पाती चिकटत नाहीत. वरच्या पात्याच्या बुडाशी तार तोडण्यासाठी वेगळी खाच दिलेली आहे. मंडपाच्या तारांत आणि बांधणीत काम करणाऱ्याला तिचं मोल लगेच कळतं, कारण तार कापायला धार खर्ची पडत नाही. मधल्या बोल्टला दातेरी नट आहे. तो एखादा दात फिरवला की पात्यांमधला ढिलेपणा जातो. पातं, स्प्रिंग, बोल्ट, सगळं सुटं मिळतं. त्यामुळे पातं झिजलं तरी कात्री जुनी होत नाही.

हाताच्या बाजूने पाहिलं तर फेल्को ७ आणखी पुढे जाते. तिची खालची मूठ बोटांबरोबर स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तळहाताला घासा कमी बसतो. पेठ-सुरगाण्याकडून येणारी माणसं उक्तं काम घेऊन सकाळपासून हात वर धरून छाटतात. संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी आलेले फोड पाहिले की त्या फिरत्या मुठीमागचा विचार किती माणुसकीचा आहे ते समजतं. जपानच्या एआरएसच्या पात्यांना हार्ड क्रोमचा मुलामा असतो. चीक आणि फवारणीचा ओलावा यांना ती दाद देत नाहीत, गंज लवकर धरत नाही. अलीकडे बॅटरीवरच्या कात्र्याही शिवारात आल्या आहेत. जाड काडीला त्यांचा जोर खरा, पण त्यांचं वजन साध्या कात्रीच्या तिप्पट-चौपट भरतं, आणि काडी मोजणारं बोट पात्यात आलं तर मोटर थांबून विचार करत नाही. ओलांड्याचं जुनं लाकूड काढायला मी त्यांना हो म्हणेन, नाहीतर घडीची करवत आहेच. रोजच्या काडीला हातातलीच बरी.

शेवटी निवाडा कापावर. थॉम्पसनच्या पिकलेल्या काडीवर चांगल्या कात्रीचा काप पाहा. मध्ये तपकिरी भेंड, भोवती फिकट हिरवं कडं, आणि साल लाकडाला कडेपर्यंत घट्ट चिकटलेली. काप डोळ्यापासून अर्धा-पाऊण इंच वर, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर थांबत नाही. बोथट कात्रीच्या कापावर सालीचे धागे लोंबतात आणि लाकडात उभी चीर जाते. ती चीर डोळ्याकडे सरकली तर वरचा डोळा सुकतो. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करून आपण ज्या डोळ्यांना जागं करतो, त्यांच्यातच तो वरचा डोळा असतो. धार लावताना पात्याची उतरती बाजूच दगडावर घासावी, सपाट बाजूची फक्त कणी काढावी. सपाट बाजू घासली की पात्यांमध्ये फट पडते आणि चांगली कात्रीही चेंगरायला लागते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कात्री मजूर आणतो, आणि त्याला परवडेल तीच आणतो. औषधांवर, पेस्टवर, प्लास्टिक आच्छादनावर एकरी मोठी रक्कम घालणाऱ्या बागायतदाराने टोळीच्या हातात स्वतःच्या खर्चाने उत्तम कात्र्या द्याव्यात, सुटी पाती घरात ठेवावीत, रोज संध्याकाळी धार करून द्यावी. बागेतला प्रत्येक घड त्या हातांनी निवडलेल्या डोळ्यातून येतो. त्या हातांना उत्तम हत्यार देणं हा बागेचाच खर्च आहे, आणि तो औषधांच्या आधी धरायला हवा.